वॉकीटॉकीवर धाकटी

वॉकीटॉकी शिकायच्या वर्गाला माझ्या धाकट्या जावेला मीच घेऊन गेले होते. ती नको म्हणत होती. रविवारची सकाळ, आठवडाभर इलेक्ट्रॉनिक सिटीला जाऊन-येऊन दमलेली, तिला झोपायचं होतं. मी तिच्या दारात उभी राहून म्हणाले, "चल गं, चार माणसं ओळखीची होतील. किती दिवस घरात बसशील?" केस बांधत, अर्धवट झोपेत ती माझ्यामागून निघाली. पुढं कित्येक दिवस माझ्या मनात येत राहिलं की तिला झोपू दिलं असतं तर बरं झालं असतं.

आम्ही सर्जापूर रोडवर राहतो. तीन ब्लॉक, मध्ये मोकळं अंगण, आणि कुंपणापलीकडं राजकालुवे, म्हणजे तळ्याचं जास्तीचं पाणी वाहून नेणारा मोठा नाला. आमचं घराणं बेंगळुरातलं जुनं मराठी. घरात मराठीच बोलतो, पण तीत कन्नड इतकं मुरलंय की पुण्याहून आलेला माणूस मध्येच थांबून 'म्हणजे काय?' विचारतो. सासूबाईंना सगळे अम्मा म्हणतात आणि मला अक्का. दिरानं ऑफिसातल्याच एका पुण्याच्या मुलीशी लग्न केलं, तेव्हा तीही मला आधी ताई आणि मग अक्का म्हणायला लागली. सी ब्लॉकमध्ये तळमजल्यावरचा फ्लॅट रिकामा झाल्याचं मलाच पहिल्यांदा कळलं, आणि त्या दोघांना तो मीच मिळवून दिला.

ती वाईट नव्हती, हे मी तेव्हाही जाणत होते. वाईट असती तर सोपं झालं असतं. तिचं मराठी स्वच्छ, एकेक शब्द धुऊन ठेवल्यासारखा. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत माइकवरून सूचना द्यायचं काम वर्षानुवर्षं माझ्याकडं होतं. माझा आवाज खणखणीत, माइक नसला तरी मांडवाच्या टोकापर्यंत जाणारा. ती आली त्या वर्षी कुणीतरी तिच्या हातात माइक दिला आणि एक म्हातारे गृहस्थ माझ्याच शेजारी बसून म्हणाले, "वा, किती गोड मराठी!" मी मान हलवली. मग हातातल्या सूचनांच्या कागदाची घडी घालून तो पर्समध्ये टाकला.

वॉकीटॉकी आल्या त्या आदल्या वर्षीच्या पावसामुळं. तळं भरून वाहिलं होतं, वीज गेली आणि दुपारपर्यंत मोबाइलही बंद पडले. कोण कुठं अडकलंय हे एकमेकांना सांगता येईना. जिने चढून-उतरून माणसांच्या पायाचे तुकडे पडले. मग असोसिएशननं लायसन्स लागत नाही अशा प्रकारचे हातातले सेट घेतले आणि शिकवायची जबाबदारी बी ब्लॉकमधल्या निवृत्त कर्नलसाहेबांनी उचलली. ते कोडगूचे, म्हणजे कूर्गचे, सैन्यात आयुष्यभर हेच काम केलेले. आम्हां सगळ्यांशी हिंदीत बोलायचे.

क्लबहाउसच्या हॉलमध्ये त्यांनी पहिल्यांदा सेट कसा धरायचा ते दाखवलं. अँटेना धरून उचलायचा नाही. उभा धरायचा, तोंडापासून चार बोटं लांब, आणि बोलताना अँटेना चेहऱ्याला लागू द्यायची नाही. बोलण्याआधी ऐकायचं, दुसरं कुणी बोलत असेल तर थांबायचं. मग बाजूचं बटण दाबायचं, लाल दिवा लागू द्यायचा, एक श्वास जाऊ द्यायचा आणि मग बोलायचं. आधी ज्याला हाक मारायची त्याचं नाव, मग आपलं. बोलून झालं की बटण सोडायचं, कारण बटण दाबलेलं असेपर्यंत आपल्याला काही ऐकू येत नाही आणि त्या चॅनेलवर दुसऱ्या कुणाला बोलताही येत नाही.

"आणि एक लक्षात ठेवा," ते म्हणाले, "हा फोन नाही. इथं जे बोलाल ते सगळे ऐकतात. कुणाच्या आजाराबद्दल, घरातल्या गोष्टींबद्दल इथं बोलायचं नाही. डिझेल भरत असतील किंवा गॅसचा वास येत असेल, तिथं बटणाला हातही लावायचा नाही."

मग परीक्षा झाली. प्रत्येकानं क्लबहाउसमधून गेटवरच्या माणसाला एकच निरोप द्यायचा: बी ब्लॉकच्या लिफ्टमध्ये एक आजी अडकल्या आहेत, किल्ली घेऊन या. मी पुढं झाले. बटण दाबलं आणि गणपतीच्या मांडवातला आवाज लावला. गेटवरच्या माणसाला काय ऐकू आलं ते त्यानं परत सांगितलं, "लिफ्टमध्ये किल्ली अडकली आहे." हॉलभर हसू पसरलं. कर्नलसाहेब हसले नाहीत. म्हणाले, "आवाज छान आहे, पण सेटला मोठा आवाज नको असतो. मोठा आवाज फाटतो. आणि तुम्ही बटण दाबताक्षणीच सुरुवात केलीत, पहिला शब्द हवेतच गेला."

धाकटीनं सेट घेतला, बटण दाबलं, थांबली. घरात बोलते त्याच आवाजात चार वाक्यं बोलली. निरोप जसाच्या तसा परत आला. कर्नलसाहेबांनी तिला आणखी दोनदा बोलायला लावलं, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "कंट्रोल तुम्ही."

कंट्रोल म्हणजे मधला माणूस. सगळ्यांचे निरोप त्याच्याकडं येणार, कोण आधी बोलणार, कोण थांबणार, ते तो ठरवणार. बाकीच्यांना आपापल्या ब्लॉकची नावं. मी ए ब्लॉक. माझा नवरा बी ब्लॉकचा रॅम्प, म्हणजे बेसमेंटमध्ये गाड्या उतरतात ती जागा. घरी येताना धाकटी म्हणाली, "अक्का, मला कशाला दिलं त्यांनी? तुम्ही किती वर्षं इथं आहात." मी म्हणाले, "सरी, होईल तुला." 'सरी' म्हणजे ठीक. तो शब्द मी असा म्हटला की नवऱ्यानं माझ्याकडं वळून पाहिलं.

त्यानंतर दर रविवारी सकाळी सराव सुरू झाला. मी पोळ्या करत असायची, सेट ओट्यावर डब्यांशेजारी, आणि त्यातून तिचा आवाज यायचा. "ए ब्लॉक, ए ब्लॉक, इथं कंट्रोल." मी पीठभरल्या हातानं बटण दाबायची. नवरा बाल्कनीत. ज्या माणसाला आतून चार हाका मारल्या तरी ओ येत नाही, तो तिच्या एका हाकेला ताठ उभा राहून म्हणायचा, "कंट्रोल, इथं बी रॅम्प, ऐकतोय." मी एकदा म्हटलंही, "मला कधी असं उत्तर दिलंत का?" तो म्हणाला, "तू कधी अशी हाक मारलीस का?" आणि हसला. त्याला ती थट्टा वाटली. मी कढई आपटून ठेवली.

अम्मांचं तर वेगळंच. त्यांना ऐकू कमी येतं. माझ्याशी बोलताना सतत "काय? काय म्हणालीस?" चालू असतं. पण रविवारी त्या सोफ्यावर सेट मांडीवर घेऊन बसायच्या, पूर्वी आकाशवाणी ऐकायच्या तशा. एके दिवशी म्हणाल्या, "हिचं सगळं कळतं गं मला. तुझं काही कळत नाही. नुसता गोंगाट." त्यांनी ते सहज म्हटलं. ज्या बाईचं औषधपाणी, पथ्य, पायाला तेल हे सगळं मी बारा महिने करते, तिनं माझ्या बोलण्याला गोंगाट म्हटलं.

त्या आठवड्यात मी चोरून सराव केला. सेट बंद ठेवून मोरीजवळ उभी राहायची. दाब, थांब, बोल. फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐकला. मला वाटायचं त्यापेक्षा तो खूपच चिरका होता. आवाज खाली आणायला गेले तर मी घाबरल्यासारखी वाटायचे. पण काही दिवसांनी जमायला लागलं. एका रविवारी धाकटी म्हणाली, "ए ब्लॉक, आवाज अगदी स्पष्ट येतोय, थँक्यू." सगळ्यांसमोर. मला शाबासकी देणारी ती कोण, असं मनात आलं, आणि तरी दिवसभर ती शाबासकी मी आठवत राहिले.

मग अम्मांचे गुडघे दुखायला लागले. आमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर, आणि लिफ्टची भीती त्यांना पहिल्यापासून. धाकटीकडं तळमजला, दारासमोर बाग. अम्मा म्हणाल्या, "स्वल्प दिवस तिकडं राहून येते." स्वल्प म्हणजे थोडे. मी त्यांची पिशवी भरली, गोळ्यांचा डबा दिला, तेलाची बाटली दिली. थोड्या दिवसांचा महिना झाला. मी रोज संध्याकाळी जायची. अम्मा बागेतल्या बाकावर बसलेल्या असायच्या आणि धाकटी त्यांना दिवसभरातलं काहीबाही सांगत असायची. मी गेले की दोघी माझ्याकडं बघून हसायच्या. पाहुणी आल्यावर हसतात तसं.

पाऊस संपत आला होता तेव्हाची गोष्ट. आठवडाभर रोज संध्याकाळी पडत होता आणि एका सकाळी उठून पाहिलं तर अंगणात तपकिरी पाणी. राजकालुवे भरून कुंपणावरून आत येत होतं. वीज बंद केली होती, मोबाइलला रेंज नव्हती. दीर कामासाठी परदेशी गेलेला. नवरा चहा न पिताच रॅम्पवर गेला. मी सेट घेऊन बाल्कनीत उभी राहिले. धाकटी क्लबहाउसच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत, तिच्या ठरलेल्या जागी. अम्मांजवळ तिनं शेजारणीला बसवलं होतं.

पहिला तासभर तिनं जे काम केलं ते मी विसरणार नाही. एकही शब्द जास्त नाही. ए ब्लॉकमधल्या खालच्या दोन घरांतली म्हातारी माणसं वर हलवायची होती, ती मी तिच्या सांगण्यावरून हलवली. मध्ये दोघं एकदम बोलायला लागले की ती म्हणायची, "बी ब्लॉक थांबा. गेट, बोला." माणसं थांबत होती. मी बाल्कनीतून तिच्या निळ्या रेनकोटकडं बघत होते आणि माझ्या मनात एकच चाललं होतं: हे मलाही आलं असतं.

तेवढ्यात सी ब्लॉकमधून निरोप आला की तळमजल्यावर पाणी शिरतंय. धाकटीनं रेनकोटची टोपी डोक्यावर ओढली. मग म्हणाली, "सगळ्यांसाठी. कंट्रोल थोडा वेळ जागेवर नाही. सी ब्लॉकला जातेय. फक्त तातडीचं बोला." निळा रेनकोट जिना उतरून गुडघाभर पाण्यातून निघालेला दिसला. मलाही धावावंसं वाटलं. अम्मा माझ्या. पण माझ्या ब्लॉकमध्ये अजून एक जोडपं खाली होतं.

आणि मग चॅनेलवर खसखस सुरू झाली. कापड कापडावर घासल्यासारखी. ती थांबेना. मी बटण दाबून विचारलं, "कोण आहे? बटण सोडा." काही उपयोग नाही. खसखशीतून पाण्याचा आवाज आला, धापा टाकल्याचा आवाज आला आणि मग धाकटीचा, "अम्मा, हात द्या. माझ्या गळ्यात टाका." तेव्हा लक्षात आलं. तिनं सेट रेनकोटच्या आत खांद्याशी अडकवला होता आणि पिशवीच्या पट्ट्याखाली बटण दाबून राहिलं होतं. तिला पत्ता नव्हता. तिचं बटण दाबलेलं असेपर्यंत आमच्यापैकी कुणाचाही शब्द तिच्यापर्यंत पोचणार नव्हता, आणि आमचा एकमेकांपर्यंतही नाही.

कर्नलसाहेबांनी हे आधीच शिकवलं होतं: पहिला चॅनेल अडला तर सगळ्यांनी पाचवर जायचं. मी बोटं सेटवरच्या चॅनेल बदलायच्या चाकावर ठेवली. तेवढ्यात अम्मांचा आवाज आला. कण्हत होत्या, चिडलेल्या होत्या. आणि मग स्वच्छ ऐकू आलं, "थोरली ना, ती कशी करते माहितीय का तुला..."

माझा हात तिथंच थांबला. इतक्या वर्षांत अम्मा माझ्यामागं माझ्याबद्दल काय बोलतात ते मी कधी ऐकलं नव्हतं. आता तिच्याजवळ बोलत होत्या, आणि अख्ख्या कॉम्प्लेक्सला ऐकू येत होतं. पुढचं वाक्य ऐकायला मी काय वाटेल ते दिलं असतं! पण खालून ते जोडपं माझ्याकडं वर बघत होतं, गेटजवळ कर्नलसाहेब दोन्ही हात हलवत कुणाला तरी खुणा करत होते. मी चाक फिरवलं. पाच.

पाचवर शांतता. मग एकेक सेट आल्याचे आवाज, "कुणी आहे का? कंट्रोल?" सगळे तिची वाट बघत होते. मी बटण दाबलं, श्वास जाऊ दिला. "सगळ्यांसाठी, इथं ए ब्लॉक. कंट्रोलच्या सेटचं बटण अडकलंय. ती परत येईपर्यंत कंट्रोल मी. गेट, बोला."

कर्नलसाहेब म्हणाले, "इथं गेट. बेसमेंटची एक लाइन अजून चालू आहे. पाण्यात करंट असू शकतो. बी रॅम्पला सांगा, कुणीही खाली उतरू नका. माझा आवाज तिथपर्यंत पोचत नाही, मध्ये भिंती आहेत."

"गेट, समजलं. बी रॅम्पला सांगते, बेसमेंटमध्ये कुणी उतरायचं नाही." मग मी हाक मारली, "बी रॅम्प, बी रॅम्प, इथं कंट्रोल." उत्तर नाही. पुन्हा मारली. नाही. माझ्या बाल्कनीतून रॅम्प दिसतो. नवरा तिथं उभा होता, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, सेट कानाला लावलेला. त्याच्याबरोबरची दोन माणसं गाडीकडं बोट दाखवून काहीतरी म्हणत होती. तो अजून पहिल्याच चॅनेलवर होता. आईचं आणि तिचं बोलणं ऐकत होता.

त्या क्षणी मला भीती आधी वाटली की राग, ते सांगता येणार नाही. मी सेट खाली धरला, कठड्यावर वाकले आणि मांडवात लावायचे तो आवाज लावला. "अहो! पाच नंबर! पाच! उतरू नका!"

आवाज अंगणात घुमला. त्यानं दचकून वर पाहिलं. मी पंजा उघडून पाच बोटं दाखवली. त्यानं चाक फिरवलेलं दिसलं तशी मी सेट तोंडाशी धरला आणि आवाज खाली आणला. "बी रॅम्प, इथं कंट्रोल. बेसमेंटच्या पाण्यात करंट असू शकतो. कुणीही उतरायचं नाही. काय ऐकलंत ते परत सांगा."

"कंट्रोल, इथं बी रॅम्प." त्यानं बरोबरच्या दोघांना हातानं अडवलं. "बेसमेंटमध्ये करंट असू शकतो. कुणी उतरत नाही. आम्ही मागं येतोय."

दोन्ही माणसं त्याच्याबरोबर मागं सरकली. ते पूर्ण वर येईपर्यंत मी त्यांच्यावरून नजर काढली नाही. मगच कठड्याला टेकले.

पुढचा बराच वेळ कंट्रोल मी होते; खालच्या जोडप्यालाही बाल्कनीतूनच हाका मारून वर बोलावलं. गेट रॅम्पला ऐकू येत नव्हतं, रॅम्प सी ब्लॉकला ऐकू येत नव्हता, आणि चौथ्या मजल्यावरून मला सगळ्यांचं ऐकू येत होतं. एकाचं ऐकायचं, दुसऱ्याला सांगायचं, परत म्हणून घ्यायचं. कधीतरी मध्येच धाकटीचा आवाज पाचवर आला, धाप लागलेली. "इथं सी ब्लॉक. अम्मा पहिल्या मजल्यावर शेजाऱ्यांकडं आहेत, ठीक आहेत. माझं बटण दाबलं गेलं होतं, सॉरी. कंट्रोल आता कुणाकडे?"

तिनं विचारलं, मागितलं नाही. मी म्हणाले, "कंट्रोल माझ्याकडंच राहू दे. तू अम्मांजवळ थांब."

"ओके, अक्का," ती म्हणाली. मग सावरून, "ओके, कंट्रोल."

तो शब्द तिच्या तोंडून ऐकताना मला जे सुख झालं ते फार शोभणारं नव्हतं, पण झालं खरं. दुपारी ट्रॅक्टर आला, त्यातून तळमजल्यावरची माणसं न्यायला सुरुवात झाली, आणि तेवढ्यात माझा सेट टीक टीक करायला लागला. ऐकण्यापेक्षा बोलण्यात बॅटरी जास्त जाते, आणि मी सकाळपासून बोलतच होते. वीज नव्हती, जादा भरलेली बॅटरी क्लबहाउसच्या कपाटात. मी म्हणाले, "सगळ्यांसाठी. माझी बॅटरी संपतेय. कंट्रोल आता सी ब्लॉक." तिनं लगेच घेतलं, जणू मध्ये काही घडलंच नव्हतं. दिवा विझला आणि मी हातात मुका सेट घेऊन बाल्कनीत उभी राहिले. खाली सगळे पुन्हा तिचं ऐकत होते.

संध्याकाळी सगळी आमच्याकडं होती. अम्मांना दोघा माणसांनी खुर्चीत बसवून चार मजले चढवून आणलं होतं. धाकटीच्या घरात चिखल भरला होता. मी गॅसवर खिचडी टाकली. नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. मी हळूच विचारलं, "अम्मा काय म्हणाल्या माझ्याबद्दल? तुम्ही ऐकत होता ना तिथं?"

तो ओशाळला. "अगं, मी चॅनेल बदलायला विसरलो. आईचा आवाज आला म्हणून..."

"ते कळलं. काय म्हणाल्या?"

"म्हणाली, थोरली हात लावते तेव्हा तोंड उघडत नाही. पाय कुठं दुखतो ते तिच्या हाताला कळतं. तू आधी गप्प बस, फार बोलतेस." तो दाराची कडी चाळवायला लागला. "सगळ्यांनीच ऐकलं ते. म्हणजे पाचवर जायच्या आधी ज्यांनी ऐकलं त्यांनी."

मी खिचडी ढवळत राहिले. अम्मांनी माझ्या गप्प राहण्याचं कौतुक केलं होतं. रेडिओवर कमीत कमी बोलते म्हणून जिला सगळे डोक्यावर घेतात, तिला त्या फार बोलतेस म्हणाल्या होत्या. मला हसू आलं, मोठ्यानं हसावंसं वाटलं. भांडी घेऊन बाहेर आले तर धाकटी जमिनीवर बसली होती, ओले केस, रेनकोट अजून अंगात. तिच्याही कानावर ते आलंच होतं. येताना जिन्यात कुणीतरी तिला चेष्टेनं म्हटलं होतं, "कंट्रोल मॅडम, फार बोलू नका."

अम्मांना उचलताना बहुतेक ती घाबरून सारखी बोलत राहिली असणार. मला माहीत आहे ते. भीती वाटली की माणूस बोलतो. मी तिला खिचडी वाढली, वर तूप जरा जास्त घातलं. ती एकदम म्हणाली, "अक्का, अम्मांच्या पायाला तेल कसं लावता ते मला दाखवाल का?"

मला नको होतं. अगदी खरं सांगायचं तर नको होतं. तिच्याकडं आवाज होता, तिचं मराठी होतं, बाग होती, अम्मांच्या संध्याकाळी होत्या. माझ्याकडं काय आहे ते मला त्याच दिवशी कळलं होतं आणि ती ते त्याच दिवशी मागत होती. मी म्हणाले, "आज दमलीस. झोप आता."

पण अम्मांनी ऐकलं. नेमकं तेवढंच त्यांना ऐकू आलं. म्हणाल्या, "दाखव की. मी कुठं पळून जातेय?" मग मी वाटीत तेल घेतलं, मेणबत्ती जवळ ओढली आणि दाखवलं. अंगठा कुठं ठेवायचा, कुठं दाबायचं नाही. ती वाकून बघत होती. मी तिचा हात धरून अम्मांच्या गुडघ्यावर ठेवला. ती बोलायला लागली, "असं का? इथं का?" मी म्हणाले, "गप्प बस, नुसतं बघ हाताला काय लागतंय." ती गप्प बसली. अम्मांनी डोळे मिटले.

धाकटीचं घर कोरडं व्हायला बरेच दिवस गेले. तोवर ती आमच्याकडंच राहिली आणि अम्माही. घर रंगवून झालं तेव्हा मी दोघींच्या पिशव्या भरायला घेतल्या. अम्मा म्हणाल्या, "माझी ठेव. मी इथंच आहे." धाकटीचा चेहरा उतरला. मी तो पाहिला, आणि आतून इतकी सुखावले की तिच्या पिशवीत लोणच्याची एक बरणी जास्त भरली.

कर्नलसाहेबांनी पुढं असोसिएशनच्या बैठकीत त्या दिवसाचा आढावा घेतला. माझं नाव घेतलं, चौथ्या मजल्याचं महत्त्व सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, कंट्रोल पहिल्यासारखंच धाकटीकडं, ती नसेल तेव्हा अक्का. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. सेट आता रेनकोटच्या बाहेर, छातीवर अडकवायचा असा नियमही त्याच दिवशी झाला.

गेल्या रविवारी धाकटी माहेरी गेली होती, पुण्याला. सराव मी घेतला. सगळं नीट झालं, सगळ्या ब्लॉकनी उत्तरं दिली, गेटनं, रॅम्पनं. शेवटी नव्यानं आलेल्या एका बाईंनी विचारलं, "आज नेहमीच्या मॅडम नाहीत का?" मी म्हणाले, "नाहीत. पुढच्या रविवारी येतील." आवाज अगदी खाली होता, चार बोटं लांब धरला होता सेट, एकही शब्द जास्त नव्हता. मग मी बटण सोडलं आणि आत जाऊन अम्मांना विचारलं, "अम्मा, आज माझं कळलं का सगळं?"

त्यांनी सेट मांडीवरून उचलून माझ्या हातात दिला. "काय?" त्या म्हणाल्या. "काय म्हणालीस?"